दातारकाकांची गरम हवेची गाडी

तुम्ही सकाळी चहा ठेवता तेव्हा पातेल्याच्या कडेने जी हवा तापून वर निघून जाते, तिच्याकडून आजवर एकदा तरी काही काम करून घेतलं आहे का?

नसेलच. ती काम करते हे तुम्हाला कोणी सांगितलंच नाही. 'हवा तापली की प्रसरण पावते' हे वाक्य शाळेने तुमच्याकडून घोकून घेतलं, पेपरात लिहून घेतलं आणि विषय मिटवला. मी ती हवा पकडते आणि तिला गाडी ओढायला लावते. हाच माझा धंदा.

माझं वय दिवाळी अंकात अनुभव सांगण्याचं नाही, हे मला कळतं. पण माझा आवाज लहानपणापासूनच वयाला शोभत नाही. आई-बाबा दोघंही विज्ञानप्रसाराचं काम करायचे. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. ग्रहणात जेवा, पाणी उकळून प्या, अंगात येतं म्हणजे काय होतं. बसायला शिकले ती मी पत्रकांच्या गठ्ठ्यावर. शाळेत 'माझी सहल' या निबंधाचा शेवटही मी 'म्हणूनच मित्रहो, विचार करा!' असा केला होता. तेव्हा पुढे कुठे माझा सूर चढला तर सांभाळून घ्या.

धायरीत मुख्य रस्त्यापासून आत माझी पत्र्याची शेड आहे. एका बाजूला ज्वारीचा उरलेला तुकडा, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतीच्या पार्किंगचे खांब. शेड ज्यांची, ते तात्या सुरुवातीला रोज डोकावायचे.

"ताई, ही गाडी हाय व्हय? हिच्यावर बसायचं कुनी?"

"कोणी नाही तात्या. ही हवेवर चालते."

"मग ठीक हाय. जमीन गेल्यापास्नं आमचं पन तसंच चाललंय."

गाडी तळहाताएवढीच असते, थोडी लांबट. तिच्या पाठीवर काचेची एक परीक्षानळी आडवी बसवलेली. नळीच्या एका टोकाखाली स्पिरिटचा छोटा दिवा, दुसरं टोक गार. आत हवा कोंडलेली. ती कुठून आत येत नाही आणि कुठे बाहेर जात नाही. नळीत एक हलका बोळा पुढेमागे सरकतो आणि त्या हवेला कधी गरम टोकाकडे, कधी गार टोकाकडे हाकलतो. गरम टोकाला हवा फुगते आणि शेजारच्या काचेच्या सिरिंजचा दट्ट्या बाहेर ढकलते. गार टोकाला आक्रसते आणि दट्ट्याला आत ओढून घेते. दट्ट्या एका जड चक्राला जोडलेला, चक्र रबरी पट्ट्याने चाकांना. एवढंच. बॉयलर नाही, वाफ नाही, त्यामुळे फुटण्याची भीतीही फारशी नाही. भीती आहे ती दिव्याची, आणि ती असलीच पाहिजे.

बॅटरीची गाडी कळ दाबली की पळते. ही तशी नाही. दिवा लावल्यावर काच तापेपर्यंत थांबावं लागतं. या थांबण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, आणि ते वाया गेलं असं मला वाटत नाही. हिवाळ्यात दुपारी शेडच्या पत्र्यातल्या भोकांमधून उन्हाचे कवडसे फरशीवर पडतात. निळी ज्योत काचेला चाटत असते. माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. मग कोणीतरी चक्राला टिचकी मारतं. पहिल्यांदा ते नुसतं डुलतं, नको म्हणतं. दुसऱ्यांदा थोडं जास्त डुलतं. आणि मग एका टिचकीला ते थांबायचंच विसरतं. बारीक टिकटिक करत गाडी कवडशातून सावलीत, सावलीतून कवडशात जाते. तिला कुठे पोचायची घाई नसते. त्या वेळी मी कोणाच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर तो चेहरा त्या माणसाच्या लहानपणचा असतो.

हे सगळ्यांनाच भावतं असं नाही. हिंजवडीहून एक मुलगा आला होता, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच लटकलेलं.

"मॅडम, टॉप स्पीड किती?"

"मुंगीला मागे टाकते."

"अपग्रेड करता येईल?"

"मुंगी?"

तो हसला, पण ऐकलं नाही. पुढच्या खेपेला त्याने सॅकमधून गॅसची टॉर्च काढली आणि मी वळायच्या आत तिची जळती धार नळीवर धरली. चक्र क्षणभर वेडं झालं, गाडी टेबलावर नाचली आणि नळी तडकली. दोघांच्याही डोळ्यांवर चष्मे होते म्हणून फक्त काच गेली. मग मी त्याला जे सांगितलं ते सगळ्यांनाच सांगते. आग वाढवून ही गाडी पळत नाही. गरम आणि गार यांच्यातल्या फरकावर ती पळते. तू दोन्ही टोकं तापवलीस, फरक संपला, गाडी संपली. पळवायची असेल तर गार टोक आणखी गार कर. पुढच्या वेळी तो ओल्या फडक्याची पट्टी घेऊन आला. अजून येतो.

असाच दुसरा धोका एका शाळेत आला. कार्यक्रम पटांगणात ठेवलेला, टळटळीत ऊन. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. शिक्षकांना वाटलं दिवा विझला, आणि ते बाटली घेऊन स्पिरिट ओतायला वाकले. मी त्यांचं मनगट धरलं ते आधी, आणि ओरडले ते नंतर. त्या दिवसापासून गाडी सावलीतच चालते, पंखा बंद असतो, ओढण्या बांधलेल्या असतात. बाटली दुसऱ्या खोलीत असते आणि दिवा पूर्ण गार झाल्याशिवाय ती उघडत नाही. दिवा फुंकायचा नाही, टोपण घालून विझवायचा. आणि गाडीच्या धावेच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस आडवी फळी धरून बसतो. गाडी हाताने थांबवायची नाही. जळता दिवा घेऊन धावणाऱ्या वस्तूला मोकळं सोडणं म्हणजे विज्ञान नव्हे.

लोक माझ्याकडून सामान घेऊन गाडी स्वतः बांधतात; त्या सामानाबरोबर हे सगळं मी एका पत्रकात छापून देते. पत्रकाचं नाव 'आग तुमची आहे'. पहिलं कलम असं: 'ज्याने गाडी बांधली, दिवा त्यानेच लावायचा. वडिलांनी नाही, शिक्षकांनी नाही, प्रमुख पाहुण्यांनी तर नाहीच.' हे कलम मी रागाने लिहिलं होतं, आणि त्या रागावर मी अजून ठाम आहे. आपल्याकडे मुलांनी केलेल्या गाडीला हिरवा झेंडा दाखवायला नगरसेवक लागतो.

पटांगणातल्या प्रसंगानंतर मी शेवटी आणखी एक कलम घातलं. 'ज्याचा हात स्थिर नाही त्याने दिव्याजवळ जाऊ नये.'

गेल्या वर्षी गणपती नुकतेच गेले होते तेव्हा कात्रजहून रिक्षा करून दातारकाका आणि वसुधाकाकू आले. काका उंच, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली. काकूंच्या हातात मटारची पिशवी, कारण त्यांचं म्हणणं, 'यांचं काम होईपर्यंत मला बसायचंच आहे, मग हात रिकामे कशाला?' काकांनी उभ्याउभ्याच पत्रक वाचायला घेतलं.

"अहो, हे गाडी चालवायचं पत्रक आहे की संप पुकारायचं?"

"दोन्हीचं."

"मग हरकत नाही. संपाच्या दिवशी मी कधी कामावर गेलो नाही."

ते एका इंजिनांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. नोकरीभर इंजिनांचे नकाशे काढले. "पण इंजिन चालू कधीच केलं नाही," ते म्हणाले. "ते खाली शॉपमध्ये व्हायचं. आम्ही वरच्या मजल्यावर. खिडकीतून धूर दिसला की समजायचं, आपली रेघ बरोबर आली." मग त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. ते थरथरत होते, पाण्यात धरल्यासारखे. "हे असं आहे. डॉक्टर म्हणतात, औषधाने सावकाश वाढेल, थांबणार नाही. म्हणजे जे काही आहे ते यंदाच. मला एक इंजिन बांधायचंय आणि माझ्या हाताने पेटवायचंय. दसऱ्याला. आमच्याकडे त्या दिवशी कंपासपेटीची पूजा होते, तिच्याशेजारी ठेवीन म्हणतो."

एवढं बोलून त्यांनी पत्रक पुन्हा उचललं आणि वाचत वाचत शेवटच्या कलमापर्यंत आले. तिथे बोट ठेवलं. बोट त्या ओळीवर हलत राहिलं.

"हे माझ्याबद्दल आहे."

मी त्यांच्या बोटाखालची ओळ पुन्हा वाचली.

"पहिलं कलम म्हणतं मीच लावायचा. शेवटचं म्हणतं मी लावायचा नाही. मास्तरीणबाई, आपल्या घटनेत गडबड आहे."

"काका, दिवा मी लावते. बाकी सगळं तुम्ही करा."

"म्हणजे मी पुन्हा वरच्या मजल्यावर."

काकूंनी मटार सोलणं थांबवलं. मी लहानपणापासून दुसऱ्यांच्या नियमांवर तुटून पडायला शिकले आहे. स्वतःच्या नियमावर कसं तुटून पडायचं याचं पत्रक आमच्या घरी नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "आधी गाडी तर बांधू."

ते दुपारी येत राहिले. दुसरा कोणी झटक्यात करेल ते काम त्यांना एक अख्खी दुपार पुरायचं. तार वाकवायची तर हात टेबलाला टेकवून, श्वास रोखून, थरथरीच्या दोन लाटांमधल्या शांत जागेत. ती जागा त्यांना येताना दिसायची. मीही ती बघायला शिकले. बाहेर ज्वारीवर वारा यायचा, काकूंच्या परातीत मटार पडायचे, आणि आत कोणीतरी समुद्रकाठी बसून योग्य लाटेची वाट बघावी तसं काम चालायचं. इतकं सावकाश काम मी आधी पाहिलं नव्हतं. माझ्या सगळ्या घोषणा त्या शेडमध्ये मला फार घाईच्या वाटायला लागल्या.

दिव्याचं उत्तरही त्या संथपणातूनच निघालं. एके दिवशी ते घरून एक लाकडी पूल घेऊन आले. दोन ठोकळ्यांवर एक फळी, मनगटाच्या उंचीची. नकाशावर शाई फिरवताना खालची ओली रेघ पुसू नये म्हणून हात असल्या फळीवर टेकवत. त्यांनी मनगट फळीवर ठेवलं, फळीला स्वयंपाकघरातला लांब गॅस लायटर दोरीने बांधला, टोक दिव्याच्या वातीवर नेमून दिलं. आता हाताने काही धरायचं नव्हतं, फक्त अंगठ्याने दाबायचं होतं. मी माझ्याकडून दिव्यात कापूस ठासून भरला. स्पिरिट कापसात मुरतं. असा दिवा मी त्यांच्यासमोर उलटा करून दाखवला, खाली थेंब पडला नाही. मग तो गाडीला पक्का आवळून टाकला.

खट्. ठिणगी. वातीवर निळं काहीतरी उमललं. काका त्याकडे बघतच राहिले. काकू म्हणाल्या, "झालं? मग एवढे दिवस घरी भांडत का होतात?"

दसऱ्याला त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दुपार कलताना सगळे जमले. सेक्रेटरी दारातच उभे. "दातारसाहेब, हॉलमध्ये आग म्हणजे जरा... टाइल्स नव्या आहेत हो."

"टाइल्स नव्या, माणसं जुनी. नुकसान कमीच होईल."

मी ओलं फडकं, वाळूची बादली दाखवली, पंखे बंद करून घेतले. धावेच्या दोन्ही कडांना लाकडी पट्ट्या लावल्या. पलीकडच्या टोकाला काकू नव्या साडीचा पदर खोचून, पाट आडवा धरून बसल्या. काकांनी मनगट पुलावर ठेवलं. खट्. ज्योत लागली. काच तापली. त्यांनी चक्राला टिचकी मारली.

चक्र अर्धं फिरलं आणि अडलं. दुसरी टिचकी. तिसरी. दट्ट्या सिरिंजमध्ये घुसला आणि तिथेच रुतून बसला. मी खाली वाकून पाहिलं तर काचेवर, दट्ट्याच्या तोंडाशी, लाल-पिवळा ओघळ.

"अगंबाई," काकू तिथूनच म्हणाल्या. "सकाळी पूजेत मीच हळदकुंकू लावलं. कपाळाला लावते म्हटलं."

"कपाळ पुढे असतं, वसुधा. हे तिचं नरडं आहे."

"मला काय माहीत? यंत्राला दसऱ्याला कुंकू लावायचं नाही तर कधी लावायचं?"

बरोबरच होतं त्यांचं. सबंध पुण्यात त्या दिवशी मिक्सरपासून लॅपटॉपपर्यंत सगळ्यांना कुंकू लागलं होतं. पण या दट्ट्यात आणि काचेत अंतर इतकं कमी असतं की त्याला तेलसुद्धा चालत नाही. तेलाने तो चिकटतो. तिथे ओलं कुंकू गेलं होतं. सगळं काढून, पुसून, पुन्हा बसवायचं. मला ते काम हाताला पाठ होतं. मी पुढे सरकले.

"मास्तरीणबाई," काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "पहिलं कलम."

मी हात मागे घेतले. त्यांनी टोपण घालून ज्योत विझवली. आणि मग ते नुसते बसले, कारण काच गार होईपर्यंत बोट लावायचं नाही असंही माझ्याच पत्रकात लिहिलं आहे.

"चालू होतेय का, की सोनं वाटून घेऊ?" मागून कोणीतरी विचारलं.

"वाटून घ्या. ही कुठे पळून जात नाही. तोच तर प्रश्न आहे," काका म्हणाले.

लोक आपट्याची पानं घेऊन एकमेकांना भेटायला लागले, काही घरी गेले. हॉल अर्धा रिकामा झाला. खिडकीतून आलेलं ऊन टाइल्सवरून सरकत गाडीपर्यंत आलं, तिच्या काचेत शिरलं, पुढे गेलं. मला वाटत होतं की हा माणूस आता उठेल आणि हसून म्हणेल, राहू द्या. त्याच्यापाशी पुढचा दसरा नव्हता. आणि मला त्याच्यासाठी काहीच करता येत नव्हतं, हेच माझं तिथलं काम होतं.

काच गार झाल्यावर त्यांनी दट्ट्या काढला. सुती रुमालाची सुरळी सिरिंजमधून फिरवली. एकदा, पुन्हा एकदा. मग खिशातली मऊ पेन्सिल घेतली, तिचं शिसं काचकागदावर घासलं आणि ती काळी भुकटी दट्ट्याला चोळली. या दट्ट्याला चालतं ते एवढंच. आता तो पुन्हा बसवायचा होता, काचेत काच. पहिल्या खेपेला तो कडेवर वाजला. दुसऱ्या खेपेला इतका जोरात वाजला की सेक्रेटरींनी डोळे मिटले. काकांनी मनगट पुलावर टेकवलं आणि थांबले. मी ओळखलं, ते लाटेची वाट बघताहेत. मीही बघत होते. आणि मग, कधी ते मला नेमकं दिसलं नाही, दट्ट्या आत गेला, स्वतःच्या वजनाने, सावकाश, जणू झोपायला. थरथरीनेच त्याला वाट करून दिली असं लिहिलं तर गोष्ट गोड होईल. पण ती गोड नव्हती. त्यांच्या मानेवरून घामाची धार चालली होती.

खट्. ज्योत. पुन्हा वाट पाहणं. टिचकी.

गाडी निघाली.

टिकटिक करत ती टाइल्सवरून चालली, उन्हातून सावलीत. जे दारात पोचले होते ते परत फिरले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण टाळ्यांनी ती थांबेल असं बहुतेक सगळ्यांनाच वाटलं असावं. सेक्रेटरी टाइल्स विसरून गुडघ्यांवर बसले होते. दुसऱ्या टोकाला काकू पाट घट्ट धरून, एखादं मूल पहिल्यांदा चालत येताना बघावं तशा बघत होत्या. गाडी पाटाला टेकली. चाकं तिथल्या तिथे फिरत राहिली. काका चालत गेले, वाकून टोपण घातलं, आणि बराच वेळ उठले नाहीत.

"नकाशात हिचा आवाज नसतो," ते म्हणाले.

यंदा गणपतीनंतर ते पुन्हा शेडमध्ये आले. आता त्यांना पेन्सिल धरता येत नाही. ते माझ्या गिऱ्हाइकांशेजारी खुर्चीवर बसतात आणि लाट कधी येते ते त्यांना सांगतात, ज्यांचे हात स्थिर आहेत त्यांनासुद्धा. मला वाईट याचं वाटतं की ते मला इतके उशिरा भेटले. पत्रकातलं शेवटचं कलम मी खोडलं. तिथे आता असं छापलं आहे: 'हात स्थिर नसेल तर दिवा स्थिर करा.'

म्हणूनच मित्रहो, एक करा. हा अंक वाचताय म्हणजे घरात दिवाळी आहे, आणि तुमच्या घरात कोणीतरी असं आहे ज्याच्या हातातून तुम्ही 'असू द्या, सांडेल, भाजेल' म्हणत एखादं काम काढून घेतलं आहे. पणती लावणं असेल, चकल्या तळणं असेल, फ्यूज बदलणं असेल. ते काम त्यांना आज परत द्या. आधी जागा सुरक्षित करा, हात टेकायला काहीतरी द्या, ओलं फडकं जवळ ठेवा. मग शेजारी बसा, आणि कितीही वेळ लागला तरी हात पुढे करू नका.